प्रयोगशाळेतल्या शंका: सोड्यात क्लोराईड आलं कुठून?

प्रश्न: सर, मी बारावी सायन्सला आहे. सरावासाठी आम्हाला धुण्याचा सोडा दिला होता. त्याच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पांढरट साका आला, म्हणून मी 'क्लोराईड' लिहिलं. मॅडमनी खोडलं आणि म्हणाल्या, "आधी नायट्रिक अ‍ॅसिड." का, ते वेळेअभावी सांगायचं राहिलं. दुसरं अ‍ॅसिड चालेल का?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर: मॅडमनी बरोबर खोडलं. सिल्व्हर नायट्रेट काही फक्त क्लोराईडशीच साका देत नाही, कार्बोनेटशीही देतं, आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेटच. सिल्व्हर कार्बोनेटचा साका ताजा असताना पांढरट दिसतो, मग पिवळसर होतो. गाईडमध्ये 'विरल नायट्रिक आम्ल टाका' एवढंच छापतात आणि मुलं दोन थेंब टाकून मोकळी होतात. सोड्याला तेवढं पुरत नाही. फेस यायचा थांबेपर्यंत आणि निळा लिटमस लाल होईपर्यंत टाकायचं. कार्बोनेट कार्बन डायऑक्साईड होऊन निघून गेलं की मगच सिल्व्हर नायट्रेट. तुझी ती परीक्षानळी अजून हाताशी असती, तर तिच्यातच आम्ल घालून बघता आलं असतं: कार्बोनेटचा साका फसफसून विरघळतो, क्लोराईडचा ढिम्म हलत नाही.

हायड्रोक्लोरिक घातलंस तर क्लोराईड तूच घातलंस! सल्फ्युरिकही नको, कारण सिल्व्हर सल्फेट पाण्यात फारसं विरघळत नाही. नायट्रेटं मात्र सगळी विरघळतात.

नळीही बघ. नळाच्या पाण्यात क्लोराईड असतंच, त्यामुळे नळाखाली विसळलेली नळी खोटा साका देते. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने विसळ. शिवाय दुसऱ्या नळीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यातही तेच थेंब टाक. तिथेही गढूळ झालं तर दोष तपासायला दिलेल्या सॉल्टचा नाही.

खरा क्लोराईडचा साका फुटलेल्या दह्यासारखा गुठळ्यांचा असतो आणि उजेडात जांभळट-करडा पडत जातो. त्यात अमोनिया घातला की विरघळतो. ब्रोमाईडचा फिकट पिवळा साका अर्धवट विरघळतो, आयोडाईडचा पिवळा जवळजवळ नाहीच. रंगावरून ब्रोमाईड ठरवायला जाऊ नकोस, ट्यूबलाईटखाली भलेभले फसतात.

सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काळा डाग पडतो, आठवडाभर तरी जात नाही. मतदानाच्या शाईत तेच असतं. १९६२च्या निवडणुकीपासून ती म्हैसूरहून येते.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. अमोनिया घातलेली नळी स्टँडवर तशीच ठेवून घरी जाऊ नकोस. त्यात कालांतराने काळा, स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. काम झालं की लगेच नायट्रिक आम्ल घाल. अमोनिया संपला की पांढरा साका परत येतो. म्हणजे क्लोराईडची खात्री पटते आणि धोकाही टळतो. मग ते सगळं चांदीची टाकाऊ द्रावणं साठवायच्या बाटलीत ओत, बेसिनमध्ये नको.