पॅरालिसिसनंतर फिजिओथेरपीने मेंदूत खरंच काही बदलतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक येऊन चार महिने झाले, ते आधाराने चालतात, पण उजवा हात तसाच आहे. आणि कुणीतरी सांगितलंय, 'जे यायचं ते तीन महिन्यांत येतं, पुढे नुसता स्नायूंचा व्यायाम.' मी फिजिओथेरपिस्ट आहे, बहुतेक पेशंट असेच. हे बोलणं अर्धंच खरं आहे.

पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने फरक पडतो, त्याचं सगळं श्रेय आम्ही घेऊ नये. मेंदूवरची सूज उतरते. शिवाय इजा झालेल्या भागाशी जोडलेले, पण स्वतः शाबूत असलेले भागही काही काळ गप्प होतात. सबस्टेशन जळालं की शेजारच्या गावातही अंधार होतो, तसं. ते आपोआप हळूहळू जागे होतात. मेंदूतज्ज्ञ फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्येच हे मांडलं होतं. तीन महिन्यांनंतर ओसरतो तो हा वेग. बदल तिथे थांबत नाही.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यांचं काम शेजारच्यांनी उचलायचं असतं. ते त्या आपणहून उचलत नाहीत, ही खरी अडचण. मेंदूसंशोधक रँडॉल्फ नुडो यांच्या गटाने १९९६ मध्ये माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतल्या हाताच्या भागात छोटीशी इजा केली होती. ज्यांना सराव दिला नाही, त्यांच्यात शेजारच्या धडधाकट भागातलीही हाताची जागा आक्रसत गेली. ज्यांना लहान खळग्यांतून बोटांनी खाऊ काढायला लावलं, त्यांच्यात ती टिकली. काहींत तर कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरली. माणसांच्या स्कॅनमध्ये दिसतं ते असं: सुरुवातीला दुबळा हात हलवताना मेंदूच्या दोन्ही बाजू राबतात, आणि ज्यांचा हात चांगला सुधारतो त्यांच्यात काम बऱ्याच अंशी इजा झालेल्या बाजूकडे परत येतं.

म्हणजे मेंदू बदलतो, पण जे करून घ्याल त्यासाठीच. आणि करून घेणं फार कमी पडतं. प्राण्यांच्या प्रयोगांत एकेक हालचाल दिवसाला शेकडो वेळा होते. २००९ च्या एका पाहणीत फिजिओच्या सेशनमध्ये हाताने कामाची हालचाल सरासरी ३२ वेळा झालेली आढळली. आपल्याकडे वेगळं असेल असं मला वाटत नाही.

त्यात घरचं प्रेम. आई घास भरवते, सून बटणं लावते, बाकी सगळं डावा हात उरकतो. उजव्याला काही कामच उरत नाही, आणि जमण्यासारखं असलं तरी तो वापरायचा राहून जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी यावरच उपाय काढला: चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या २२२ पेशंटवरच्या चाचणीचे निकाल आले. त्यांना अ‍ॅटॅक येऊन तीन ते नऊ महिने झाले होते, म्हणजे तुमच्या वडिलांसारखेच. दोन आठवड्यांच्या या उपचाराचा फायदा वर्षभरानंतरही दिसत होता. अट एकच, आणि ती मोठी आहे: मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी वर उचलता यायला हवीत. हात पूर्ण लुळा असेल तर हा उपाय नाही. हाताकडे जाणारा मज्जामार्गच फार तुटला असेल तर सुधारणाही मर्यादित राहते. हे तुमच्या फिजिओकडून तपासून घ्या.

हालचाल असेल तर नुसता स्मायली बॉल दाबत बसवू नका. मिटायला बोटं आधीच तयार असतात, अडतं ते उघडण्यापाशी. टेबलावर स्टीलचा पेला ठेवा. पकडायचा, वीतभर सरकवायचा, सोडायचा. त्या 'सोडायचा'लाच बोटं अडून बसतात, तिथेच थांबा, तुम्ही सोडवून देऊ नका. जमलं की पेल्यात थोडं पाणी. मग ताटलीतले शेंगदाणे एकेक उचलून वाटीत. दाराला दोरी-पुली बांधून हात वर ओढायला लावत असाल तर आजच काढा, त्याने खांदा धरतो. आणि कबुतराच्या रक्ताची मालिश सुचवणारे नातेवाईक येतीलच, त्यांना चहा पाजून पाठवा.

चांगल्या हातावर तो मोजा चढवायचं ठरलंच, तर चालताना, जिन्यावर, बाथरूममध्ये आणि गॅसजवळ तो काढायचा. तोल गेला तर धरायला चांगला हात मोकळा पाहिजे.