वॉलफ्लॉवर: पाकिटावरचे महिने आपले नव्हेत

गणपती विसर्जन झाले की वॉलफ्लॉवर या सुवासिक फुलझाडाबद्दलची पत्रे सुरू होतात, आणि बहुतेकांत गोंधळ एकच असतो: पेरायचे कधी? म्हणून सातारा-सांगलीकडचे काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर ‘मे-जूनमध्ये पेरा’ असे होते. तसेच पेरले. उगवण छान झाली, पण जुलैत सगळी रोपे बुडाशी सडून आडवी पडली. बी खराब होते का? (मिरज)

उत्तर: उगवले म्हणजे बी चांगलेच होते. चुकीचे होते ते महिने. ते इंग्लंडचे आहेत. तिकडे मे-जूनमध्ये पेरतात, ऑक्टोबरात रोपे जागेवर लावतात, झाड थंडीत दिवस काढते आणि मार्च ते मे फुलते. आपल्याकडे मे महिन्यात कोवळे रोप भाजते आणि त्यातून वाचले तर पावसात कुजते. हे झाड मूळचे ग्रीसकडच्या कड्याकपारींतले, जुन्या भिंतींच्या सांध्यांतही आपोआप उगवणारे. मुळाशी साचलेले पाणी त्याला अजिबात सोसत नाही. परदेशी मजकूर तसाच छापून बी विकणारे दर पावसाळ्यात आपल्या लोकांचे पैसे आणि उमेद दोन्ही वाया घालवतात, याचा मला मनापासून राग येतो.

आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा. बी जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल जाऊ द्या आणि परतीच्या पावसाचा मारा पेरणीच्या ट्रेवर येऊ देऊ नका. एक-दोन आठवड्यांत उगवण होते. उगवतानाची पहिली दोन पाने (बीजपत्रे) सोडून चार-पाच खरी पाने आली की २५ ते ३० सेंटीमीटर अंतरावर लावा, आणि रोप वीतभर होण्याआधी शेंडा खुडा, म्हणजे फुटवे येतील.

दुसरी गोष्ट वाणाची. जुने वाण द्विवर्षायू आहेत, म्हणजे पहिल्या वर्षी पाने आणि दुसऱ्या वर्षी फुले. पाने फुटलेल्या झाडाला कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय त्यांना कळी येत नाही, आणि तशी सलग थंडी मिरजेत पडत नाही. पहिल्याच वर्षी फुलणारा वाण मागा. पाकिटावर तसे स्पष्ट लिहिलेले नसेल किंवा पॅकिंगची तारीख नसेल, तर ते परत ठेवा. रोपे पुन्हा कोलमडू लागली, तर दुकानातून बुरशीनाशक आणण्याआधी दोन-चार रोपे मातीसकट कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा.

प्रश्न: सासूबाई म्हणतात, पितृपक्षात बी पेरू नये. थांबू का? (वाई)

उत्तर: घरचा नियम जरूर पाळा, पण घटस्थापनेला घटात धान्य पेराल, त्याच दिवशी हेही पेरून टाका. मला काळजी त्यापुढची वाटते. नवरात्रात सवड नाही, मग दसरा, मग दिवाळीची साफसफाई, असे करत नोव्हेंबर सरतो. मग कळ्या धरायच्या वेळी उन्हाच्या झळा सुरू झालेल्या असतात आणि फुलोरा आटोपतो.

प्रश्न: दिवसभर सावली असलेल्या बाल्कनीत येईल का? (सातारा)

उत्तर: नाही. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे.

प्रश्न: बी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवले की हमखास फुले येतात, असे ऐकले. (तासगाव)

उत्तर: ऐकीव आहे. उगवणीला फ्रिजची गरज नाही, आणि थंडी लागते ती वाढलेल्या झाडाला.

प्रश्न: एका व्हिडिओत प्रत्येक कुंडीत मूठभर चुना घालायला सांगितले आहे. घालू का? (पाचगणी)

उत्तर: कोणत्या मातीत, हे त्या व्हिडिओत सांगितले का? या झाडाला मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा) ७ च्या आसपास किंवा किंचित वर लागतो. तुमची जांभ्याची लाल माती पावसाने धुऊन आम्लधर्मी झालेली असते, तिथे चुन्याचा उपयोग होऊ शकतो. पण तोच व्हिडिओ सांगलीतही पाहिला जातो. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते. तिथे आणखी चुना घातला तर झाडाला लोह मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. काळ्या मातीला हवा गादीवाफा (उंच केलेला वाफा), मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत. चुना किती, हे माती परीक्षणाचा अहवाल हातात आल्यावर ठरवा, त्याआधी नको.

प्रश्न: जानेवारीत प्रदर्शनातून भरगच्च फुललेली कुंडी आणली. आठवड्यात मान टाकली. (कराड)

उत्तर: विक्रीच्या दिवशी फूल दिसावे, एवढ्यासाठीच अशी झाडे छोट्या पिशवीत दाटीने वाढवतात. पुढच्या वेळी कळ्यांवरचे रोप घ्या, आणि पिशवी सारून मुळे दाखवायला सांगा. पांढरी असतील तरच घ्या. तपकिरी, मऊ मुळे म्हणजे कूज. ते झाड इतर कुंड्यांपासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

प्रश्न: पानांवर मावा आहे. (सांगली)

उत्तर: हे कोबी-मोहरीच्या कुळातले झाड आहे, मावा येणारच. ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. हटला नाही तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, कीटकनाशकाच्या दुकानदाराला नको.

प्रश्न: फुलांचा वास गोड आहे. सॅलडमध्ये घातली तर चालतील का? घरात तीन वर्षांचा नातू आहे. (सातारा)

उत्तर: मुळीच नाही. या झाडात, विशेषतः बियांत, हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स ही विषारी द्रव्ये असतात. शेंगा वाळण्याआधी काढून टाका आणि कुंडी नातवाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्याने काही तोंडात घातले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता, उलटी न करवता, ताबडतोब दवाखाना गाठा. झाडाची एक फांदी सोबत न्या आणि डॉक्टरांना झाडाचे नाव सांगा.