घरी बिअर बनवताना एक्स्ट्रॅक्टवरून (माल्टचा तयार अर्क) ऑल-ग्रेनकडे (थेट भरडलेल्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) जाताना तीन भांड्यांचा सेटअप (पाणी तापवायला, माल्ट भिजवायला आणि रस उकळायला वेगवेगळं भांडं) लगेच घ्यावा का?

नका घेऊ, निदान पहिल्या काही बॅचना तरी. २० लिटर बिअरसाठी ४० लिटरचं स्टीलचं पातेलं (पुण्यात बोहरी आळीत बघा) आणि बारीक जाळीची पिशवी पुरते. भरडलेलं माल्ट पिशवीत घालून ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. ७० च्या वर गेलात तर बिअर गोडसर, जड होते.

पैसे घालायचेच तर उकळलेला माल्टचा रस थंड करण्यावर घाला. पुण्यात एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच कोमट येतं, मग नुसती तांब्याची कॉइल (रसात बुडवून आतून गार पाणी सोडायची नळी) काय करणार? तिच्यातून छोट्या पंपाने बर्फाचं पाणी फिरवा. पुढे आंबवताना एल यीस्टला (एल प्रकारची बिअर आंबवणारं यीस्ट) साधारण १८-२० अंश लागतात, म्हणजे जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट आलाच. तीन भांडी त्यानंतर.

आणि हो, महाराष्ट्रात विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. आधी उत्पादन शुल्क खात्यात विचारा.