टेस्टमध्ये कधी वात, कधी पित्त!

प्रश्न: ऑनलाइन टेस्टमध्ये माझी प्रकृती कधी वात येते, कधी पित्त. हल्ली झोप उडालीये, त्वचा कोरडी पडलीये. नेमकं काय पाळू?

उत्तर: अहो, गोंधळ होणारच, कारण प्रकृती जन्मापासूनची आणि टेस्ट आपण भरतो आजच्या त्रासावरून, त्याला आयुर्वेदात विकृती म्हणतात. शिवाय प्रकृतीच्या 7 प्रकारांत वात-पित्त अशी जोडप्रकृतीही असतेच. झोप उडणं, कोरडेपणा ही वात वाढल्याची लक्षणं, मग आधी तोच सांभाळा, जेवणाच्या वेळा पाळा, गरम ताजं खा, जागरण बंद, आणि झोपताना कोमट तिळाचं तेल तळपायांना जिरेपर्यंत चोळा, मला हा उपाय फार आवडतो. 2-3 आठवड्यांत फरक नाही पडला तर वैद्यांना दाखवा, थायरॉइडही तपासून घ्या, सगळंच वातावर ढकलू नका.