पेठेचं मैदान, बारावीचं वर्ष आणि 45 हजारांचं मानधन

पत्र: मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला आहे. फुटबॉलमध्ये लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड, खेळतो. आमच्या पेठेतल्या तालमीच्या टीमकडून गेल्या हंगामात तीन मॅचला बदली म्हणून उतरला, एक गोलही मारला. आता दुसऱ्या पेठेतली तालीम त्याला हंगामाचे 45 हजार देते म्हणते. तो म्हणतो, बारावीला ड्रॉप घेतो आणि फुटबॉलमध्येच करिअर करतो. माझे वडील आपल्या तालमीत कुस्ती खेळलेले, ते तेव्हापासून नातवाशी बोलत नाहीत. मी काय करू? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर:

दादा, तुमच्या पत्रात तीन भांडणं आहेत: पेठेचं, पैशाचं आणि बारावीचं. पेठेचं भांडण मी सोडवू शकत नाही. कोल्हापुरात कुणीच सोडवलेलं नाही. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल ही पेठांच्या टीमची नावं बाहेरच्या माणसाला नुसत्या क्लबची वाटतात. आपल्याकडे ती आजोबांच्या कुस्तीच्या लाल मातीची नावं आहेत. तेव्हा वडिलांच्या अबोल्याला मुलाची चूक समजू नका आणि वडिलांनाही हट्टी ठरवू नका.

बाकीच्या दोन भांडणांवर मात्र बोलता येईल.

आधी ड्रॉपचं. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग ऐन हिवाळ्यात सुरू असते आणि लीग उरकली की चषक स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत ओढतात. बारावीची प्रात्यक्षिकं आणि लेखी परीक्षा नेमकी याच मधल्या काळात येते. म्हणजे टक्कर खरी आहे, पोरगं सबब सांगत नाही. पण टक्कर दीड-दोन महिन्यांची आहे आणि ड्रॉप वर्षाचा. दीड-दोन महिन्यांसाठी वर्ष कशाला द्यायचं? त्याला सांगा, प्रात्यक्षिकं सुरू झाल्यापासून लेखी परीक्षा संपेपर्यंत सराव सकाळचा तासभर, मॅच नाही. एप्रिल-मेच्या चषकांत मनसोक्त खेळ. जी तालीम एवढं ऐकत नाही तिला खेळाडू नको असतो, अकरावा माणूस हवा असतो.

आता 45 हजार. सतराव्या वर्षी कुणी तुमच्या पायाची किंमत करतं, हे कौतुकाचंच आहे. पण हा पैसा हंगामाचा आहे. पुढच्या हंगामात त्याच जागेवर बाहेरून आणलेला तगडा फॉरवर्ड आला की आपला पोरगा बाकावर. म्हणून सही करण्याआधी समोर बसून विचारा: नोंदणी किती काळासाठी बांधते? पैसे कोणत्या टप्प्यात मिळणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुडघ्याचा लिगामेंट गेला तर ऑपरेशनचा खर्च कुणाचा? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी लोक चहा मागवतात. मुलगा अजून अठराचा नाही, कागदावर सही तुमची लागणार. तेव्हा विचारायचा हक्कही तुमचाच.

मागे माझ्याकडे एक माणूस आला होता. वय चौतीस, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. हातात कापडाची पिशवी. त्यानं टेबलावर सगळं मांडलं: मॅन ऑफ द मॅचच्या ट्रॉफ्या, एकीचा पितळी चेंडू निखळलेला, वर्तमानपत्राची पिवळी पडलेली कात्रणं, शिल्डबरोबरचे फोटो. विचारत होता, यातलं काय काय सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्यात चालेल. मी एकेक कागद वाचला. एकही चालणारा नव्हता. शाहू स्टेडियमवर ज्याच्या नावाचा गजर व्हायचा, त्याच्याकडे राज्य संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धेचं एक प्रमाणपत्र नव्हतं. निवड चाचणीला तो दोनदा गेलाच नाही, कारण त्या दिवशी पेठेची मॅच होती.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. आपली लीग नाव देते, कागद देत नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि फुटबॉल त्यात बसतो. पण तिथे स्पर्धेचा दर्जा बघतात, गर्दी नाही. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून होते. तेव्हा जिल्ह्याच्या, राज्याच्या निवड चाचण्या, शालेय आणि नंतर आंतरविद्यापीठ स्पर्धा या तारखा आधी कॅलेंडरवर लिहा, तालमीची मॅच त्यांच्यानंतर. दुसऱ्या तालमीत जायचं की नाही, हेही त्यावरच ठरवा. जी तालीम चाचणीला सोडते ती चांगली, मग पैसे दहा हजार कमी का असेनात.

तो अनिकेत जाधवचं उदाहरण देत असेल. कोल्हापूरचंच पोर, 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलं. अभिमान आहेच. पण तुमचा मुलगा आज ज्या वयात पहिलं मानधन मोजतोय, त्या वयात अनिकेत विश्वचषक खेळून झाला होता. त्याची वाट लहानपणीच कोल्हापूर सोडून पुण्याला गेली होती. हे मुलाला बोचेल, तरी सांगा. सतराव्या वर्षी दार बंद होत नाही, पण त्याला आता व्यावसायिक क्लबच्या चाचण्या द्याव्या लागतील आणि पुष्कळ नकार पचवावे लागतील.

आणि क्लब तरी कुठले टिकतात? पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी: 2015 ते 2019 या काळात एकामागून एक पुण्याचे मोठे क्लब मैदानातून गेले. 2025 मध्ये तर आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या इंडियन सुपर लीगचा, हंगामच लटकला आणि बंगळूरूसारख्या क्लबनं खेळाडूंचे पगार थांबवले. सगळ्यात वरच्या पायरीवर ही गत, मग खालच्या पायऱ्यांवर एका उत्पन्नाच्या भरवशावर कसं राहायचं?

सायन्स घेतलंय हे मात्र झकास आहे. त्याला फिजिओथेरपीची वाट दाखवा. आपल्या राज्यात त्यासाठी 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या मैदानांवर पोरगं कळवळत पडलं की अजूनही बर्फाचा स्प्रे मारतात आणि 'ऊठ, काही नाही' म्हणतात. खेळलेला आणि शिकलेला फिजिओ इथे हवाच आहे. अठरा पूर्ण झाल्यावर भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्स कोचिंग कोर्सही करता येतो. काही दिवसांचाच असतो, शाळांत शिकवायला तिथून सुरुवात होते. रेफ्रीची परीक्षाही आहे, पण पेठांच्या मॅचला शिट्टी वाजवायला जे काळीज लागतं ते सगळ्यांना नसतं, म्हणून आग्रह करत नाही.

पत्राच्या खाली, सही झाल्यावर, तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की तुम्ही त्याची एकही मॅच पाहिलेली नाही, दुकान सोडता येत नाही. एक दिवस शटर लवकर ओढा आणि जा. वडिलांनाही न्या. टीम कुठलीही असो, लेफ्ट आऊटच्या बाजूच्या गॅलरीत बसा.