वडिलांचं किडनी प्रत्यारोपण झालंय. खोकला जात नाही, थुंकीत टीबी सापडत नाही, तरी टीबीची औषधं सुरू करावीत का?

नमुना घेतल्याशिवाय नको. आमच्याकडे घाई झाली आणि सासूबाईंनी मुलाला दिलेली किडनी हातची जायची वेळ आली.

ह्यांचं प्रत्यारोपण होऊन दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी ताप, खोकला, वजन उतरलेलं. सीटीत उजव्या फुप्फुसात वर पोकळी पडलेली गाठ. थुंकीत दोनदा काही नाही, टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणीही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे असं दिसलं की टीबीच. मी ब्राँकोस्कोपीचं, म्हणजे फुप्फुसात नळी घालून नमुना घेण्याचं, विचारलं तर धाकटे दीर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, नळी घालून बिल फुगवायचे धंदे आहेत हे."

एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे रक्तातलं टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, धाडकन उतरतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. महिन्याभरात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) 1.3 वरून 2.2. खोकला तसाच, वर मांडीवर गळू आलं.

मग पू काढला, ब्राँकोस्कोपीही झाली. लॅबच्या मॅडमनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं: गुलाबी, बारीक, फांद्या फुटलेले धागे, मण्यांसारखे तुटक रंगलेले. नोकार्डिया. मातीत राहणारा जिवाणू. तपासताना जंतू रंगवून मग आम्लाने धुतात; टीबीसाठी नेहमीचं कडक आम्ल वापरलं की याचा रंग बरेचदा धुऊन जातो, 1 टक्का सल्फ्युरिक अ‍ॅसिडने टिकतो. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवायला, ठेवलेल्या प्लेटवर खडूसारखे कोरडे पांढरे ठिपके दिसायला सहा दिवस लागले. साधं कल्चर त्याआधीच निगेटिव्ह म्हणून टाकून देतात. म्हणून फॉर्मवर "नोकार्डियाची शंका, तीन आठवडे ठेवा" असं डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

हा मेंदूतही जातो, कधी काहीच न जाणवता, म्हणून एमआरआय केला. सुदैवाने तिथे काही नव्हतं. सुरुवातीला इमिपेनेमची इंजेक्शनं, मग वर्षभर कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक. त्यात पोटॅशियम वाढतं, दर आठवड्याला रक्त द्यायला जायचो. गाठ गेली. क्रिएटिनिन मात्र 1.6 च्या खाली पुन्हा कधी आलं नाही.

हे वाचून चालू औषधं मनाने बंद करू नका. आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या पेशंटना टीबी खरंच होतो, तुमच्या वडिलांनाही तोच असू शकेल. तसं निघालं तर रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन चालेल का आणि टॅक्रोलिमसची पातळी किती दिवसांनी बघायची, हे किडनीच्या डॉक्टरांना विचारा. पेशंटची तब्येत फारच ढासळली असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाहीत, तेही बरोबरच. पण नमुना आधी घेता येतो.

दीर अजून म्हणतात, शेवटी औषधांनीच बरं झालं ना? नाही भाऊजी. चुकीच्या औषधांचे पाच आठवडे आईंच्या किडनीने सोसले. ब्राँकोस्कोपी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती, आणि त्यासाठी बांगड्या मोडते म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं, तुमच्यासमोर.