लोकसंख्येचे वय वाढत गेल्याने सार्वजनिक आरोग्यावर आणि जीवनमानावर काय परिणाम होतो?

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोक सुमारे १०.४ कोटी होते आणि महाराष्ट्रातील त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक होते. त्यामुळे रुग्णालयांवरचा ताण वाढतो, हे तर खरेच. पण सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या मला या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. म्हातारपण कसे जाणार, हे तरुणपणी शरीराने कोणते काम केले यावर बरेचसे ठरते.

माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षे यंत्रमाग चालवला. त्या खडखडाटाने कान गेले, पण कान जाणे म्हणजे आजार असे आमच्या घरी कोणाला वाटलेच नाही. लोकांना दोनदा बोलायला लावण्याचा संकोच वाटू लागल्यावर त्यांनी आधी लग्नकार्यांना आणि मग संध्याकाळी कट्ट्यावर जाणे सोडले. चालणे थांबले, तशी साखर वाढली. डॉक्टरांच्या कागदावर केवळ मधुमेहाची नोंद झाली.

आपली आरोग्ययंत्रणा मुख्यतः बाळंतपण, लसीकरण आणि साथीचे रोग यांच्यासाठी उभी राहिली. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी यांना मात्र वर्षानुवर्षे गोळ्या, तपासण्या आणि सोबतीला एक माणूस लागतो. आणि तो माणूस बहुधा पुण्यात नोकरीला असतो. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, ही मोठीच सोय आहे. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते, दर महिन्याच्या गोळ्यांना नाही.

पैशाचेही तसेच. आईने मांडीवर सूप घेऊन आयुष्यभर विड्या वळल्या. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे आणि तिला जवळपास तेवढेच मिळते. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पान आणि दोरा यांनी बोटांची टोके इतकी गुळगुळीत झाली आहेत की गेल्या खेपेस यंत्राने तिचा अंगठा चार वेळा नाकारला. पाचव्यांदा तिने बोट पदराला पुसले, त्यावर फुंकर घातली, आणि मग ठसा उमटला.

वडिलांना आम्ही श्रवणयंत्र घेतले, पण दहा वर्षे उशिरा. ते लावून ते आता पुन्हा कट्ट्यावर जातात. घरी आल्यावर मात्र काढून ठेवतात.